वळखलासा का मला?

"तात्यांच्या तोंडात रातचं पाणी वतलंस तू? दिवस मावळल्यावर? जबडा धरून?"

पद्मजाआक्कांचा आवाज मूळचाच चार वावरांपलीकडं हाक मारायला घडलेला. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात तो असा घुमला की औषधांच्या खिडकीपुढची रांग वळून बघायला लागली. सुरेखाच्या हातात डबा होता. त्यात मऊ भात, मुगाचं वरण आणि वाटून घेतलेली दोडक्याची भाजी होती. दुपारचे तीन वाजले होते, आणि कसबा बावड्याहून रिक्षानं येताना तिच्या मनात एवढंच होतं, की आज तरी सासऱ्यांच्या पोटात चार घास जावेत.

तिनं थोरल्या दिरांकडं पाहिलं. काल रात्री नऊ वाजता तात्यांचा जबडा धरणारा हात शांतिनाथआण्णांचा होता. भांडं त्यांच्या हातात होतं, आणि "आजारात नेम कोण बघतंय, मरंल म्हातारं पाण्यावाचून" असं म्हणणारं तोंडही त्यांचंच होतं. सुरेखा उशाशी टॉवेल घेऊन उभी होती, बस्स. पण डोळ्यांवर चष्मा नसलेल्या तात्यांना दिसली ती साडीतली एक बाई, आणि सकाळी लेकीला त्यांनी 'त्या बाईनं वतलं' एवढंच सांगितलं; ती बाई म्हणजे सुरेखा, हे आक्कांनी ठरवलं. आण्णा मात्र आता भिंतीवरचा 'कृपया शांतता राखा' हा फलक असा वाचत होते, की जणू उद्या त्याचीच परीक्षा आहे.

"आक्का, मी न्हाई वतलं," सुरेखा म्हणाली.

"मग माझा बाप खोटं बोलतोय? पन्नास वर्षं झाली, दिवस बुडल्यावर त्या माणसानं पाण्याचा थेंब घेतला न्हाई. आई वारली त्या दिवशीसुद्धा न्हाई. आणि तू त्यांना बाटवायला निघालीस! मला म्हणाले, ही बाई मला उपाशी मारतीया. असं म्हणाले!"

"ते मला वळखतच न्हाईत आक्का. परवा मला म्हणाले, पावती घे आणि गाडी पुढं काढ."

"सहा वर्षं तुझ्या घरात हाईत, आणि वळखत न्हाईत? कशानं वळखंनात मग?"

तो घाव कुठं बसवायचा हे आक्कांना पक्कं ठाऊक होतं. वाटण्या झाल्या तेव्हा तात्या बावड्याच्या घरात धाकट्या भूपालकडं राहिले. थोरल्याच्या घरी गेले नाहीत, की लेकीच्या घरी जयसिंगपूरला महिनाभर राहिले नाहीत. सहा वर्षं हे दोघांना सलत होतं, आणि आज ते सगळं सुरेखाच्या पदरात पडत होतं. तिचा नवरा भूपाल खाली मान घालून मोबाईलचं कव्हर काढत होता आणि घालत होता.

आण्णांनी फलक वाचून संपवला. "भांडून काय उपेग न्हाई. म्हाताऱ्याला येड लागलंय, ह्ये डोळ्यांनी दिसतंय. गावाबाहेर एक सेंटर हाय, असली माणसं सांभाळत्यात. मी पाचला गाडी सांगितलीया. इंजेक्शन देऊन निवांत झोपवून ठेवत्यात."

"बांधून?" भूपालनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"आत्ता काय मोकळं हाईत व्हय?"

हे मात्र खरं होतं. तिसऱ्या दिवशी तात्यांनी सलाइनची सुई उपसून काढली, तेव्हापासून त्यांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्टीनं कॉटच्या कठड्याला बांधलेले होते.

सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच दिवसांपूर्वी हाच माणूस गोठ्यात पाय घसरून पडला होता, आणि खुबा मोडलेला असताना तिला सांगत होता, "आधी त्या म्हशीला वैरण टाक, मग माझं बघ." साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. ऊस कुणाचा, गाडी कुठल्या गावची, बैल कुठल्या बाजारातनं आणलेले, हे कागद न बघता सांगायचा. तो चार दिवसांत वेडा होतो? आणि कुणालाच याचं काही वाटत नाही?

डॉक्टरांना तर अजिबात वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना राउंडला गाठलं होतं. "ऑपरेशन एकदम मस्त झालंय," डॉक्टर चालता चालताच म्हणाले होते, "एक्स-रे बघा, काय सुंदर बसलाय सांधा. बाकी वयोमानानं थोडं होतंच." थोडं! माणूस छताच्या पंख्यावर मुंग्या बघतो, अंगावरची चादर दिवसभर चिमटीनं वेचत बसतो, धाकट्या सुनेला ट्रॅक्टरवाला समजतो, आणि याला हे थोडं म्हणतात. सांधा सुंदर बसला म्हणून त्याच्या वरचं सगळं माणूस गेलं तरी चालतं, असा यांचा हिशेब असावा.

आणि त्यावर पावण्यांची कमाल. भेटायची वेळ चार ते सहा. चार वाजले की जिना भरायचा. शहाळी, बिस्किटांचे पुडे आणि चप्पल दारात काढायची की नाही यावर थोडी चर्चा. मग एकेकानं आत शिरायचं, कॉटच्या कठड्याला धरून वाकायचं आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडायचं, "तात्या! वळखलासा का मला? सांगा बघू, मी कोण?" आजाऱ्याला हे विचारल्याशिवाय भेट झाली असं आपल्याकडं कुणी मानतच नाही. तात्या डोळे बारीक करून बघायचे. चुकीचं नाव सांगितलं की सगळी खोली हळहळायची. बरोबर आलं की "व्हय की, हाय की शुद्धीत!" म्हणून सगळे हसायचे, आणि लगेच पुढचा पुढं सरकायचा. काल सोळा माणसांनी त्यांची अशी परीक्षा घेतली होती. साऱ्या तालुक्याला नावानं ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडावर त्या वेळी जे दिसायचं, ती शरम होती. ती फक्त सुरेखाला दिसत होती. सोळाव्या पावण्याला तात्यांनी बांधलेल्या हातानं ओरबाडलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता अंगावर पण यायला लागला.

तिनं डबा भूपालच्या हातात दिला आणि ती थेट सिस्टरच्या टेबलाकडं निघाली. मागून आक्का काहीतरी म्हणाल्या. तिनं ते कानावर घेतलं नाही.

टेबलाशी क्रांती सिस्टर चार्ट भरत होती. तिशीची, बारकी, डोळ्यांखाली काळं आलेली पोरगी.

"सिस्टर, पाच वाजता माझ्या सासऱ्याला येड्यांच्या सेंटरला न्यायला गाडी येतीया. पाच दिवस झालं तुम्ही त्यांचं बीपी लिहितायसा. त्यांना काय झालंय, एकानं तरी आम्हाला सांगितलं का?"

"मावशी, अठ्ठावीस पेशंट हाईत, आणि आम्ही दोघीच."

"मग अठ्ठावीस घरांना सांगितलं न्हाई म्हणा की!"

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. क्षणभर वाटलं, आता ही पण ओरडणार. पण तिनं कपाटातून तात्यांची फाईल ओढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'ऑपरेशननंतर होऊ शकणारा संभ्रम व घ्यावयाची काळजी नातेवाइकांस समजावून सांगितली आहे.' पुढं बरोबरची खूण होती. खाली आण्णांची सही होती, ऑपरेशनच्या सकाळी एका दमात मारलेल्या सतरा सह्यांपैकी एक.

"कुणी सांगितलं? कवा सांगितलं?"

"कुणीच न्हाई," सिस्टर सरळ म्हणाली. "आम्ही खूण करतो, तुम्ही सही करता. रोजचंच हाय. माझ्या हातच्या खुणा पण असत्यात त्यात, खोटं कशाला बोलू?"

सुरेखाला तिचा इतका राग आला, आणि तिचं खरं बोलणं इतकं बरं वाटलं, की दोन्हींतलं काय आधी बोलावं हे तिला समजेना. ती म्हणाली, "मग आत्ता सांगा."

"सांगते. ह्ये येड न्हाई, आधी ह्ये डोक्यातनं काढा. येड चार दिवसांत येत न्हाई. ह्याला डेलिरियम म्हणत्यात. म्हातारं माणूस, मोठं ऑपरेशन, भुलीचं औषध, दुखणं, नवी जागा. त्यात झोप न्हाई, पाणी कमी, पोट साफ न्हाई. मेंदू गांगरतो. सकाळी जरा बरं असत्यात आणि सांजच्याला बिघडत्यात, व्हय का न्हाई?"

"व्हय. सकाळी आज मला म्हणाले, म्हैस आटली का? नीट बोलले. आणि आक्का आल्यावर..."

"तेच ते. वर-खाली होतं. कारण सापडलं आणि सांभाळलं की बऱ्याच जणांचं उतरतं. कुणाचं चार दिवसांत, कुणाला महिना पण लागतो. लघवी तपासायला मी आत्ता पाठवते, इन्फेक्शन असलं तरी असं होतं. मेडिसिनच्या डॉक्टरांना वरती बोलावते. पण निम्मं काम तुमच्या घरच्यांचं हाय. चष्मा लावतात का ते?"

"लावतात. कानात मशीन पण हाय. आणि दातांची कवळी."

"मग मी पाच दिवसांत एकपण बघितलं न्हाई! कुठं हाय सगळं?"

कुठं होतं ते सुरेखाला माहीत होतं. ऑपरेशनला नेताना सगळं काढून घेतलं, आणि मशीन महागाचं, हरवायला नको, म्हणून आक्कांनी तिन्ही वस्तू एका डबीत घालून खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या साखळीत होती. लेकीनं बापाचे डोळे, कान आणि दात मायेपोटी कुलपात घातले होते, आणि सून बापाला उपाशी मारते म्हणून सगळ्या मजल्याला ऐकवत होती.

"जेवत्यात किती वाजता?" सिस्टरनं विचारलं.

सुरेखा उत्तर द्यायला गेली आणि तिला एकदम सगळा हिशेब दिसला. दिवस मावळायच्या आत जेवण, मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. नोव्हेंबरात सहाला दिवस मावळतो. भेटायची वेळ चार ते सहा. दवाखान्याचं ताट येतं साडेसातला. रोज ती साडेचारला डबा उघडायची, आणि रोज खोलीत दहा-बारा मोठी माणसं असायची. त्यांना 'आता उठा' कसं म्हणायचं, म्हणून ती बोळातल्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसून राहायची. सलाइन होतं तोवर भागलं. ते उपसल्यापासून दोन दिवस तात्यांच्या पोटात दुपारपासून सकाळपर्यंत काहीच गेलं नव्हतं. आणि काल आण्णांनी त्यावर उपाय म्हणून रात्री जबडा धरून पाणी ओतलं. त्या घाबरलेल्या माणसाच्या हाती स्वतःची म्हणून उरलेली एकच गोष्ट होती, त्याचा नेम. तोच त्यांनी मोडायला घेतला.

तिनं हे सगळं सांगितलं. सांगताना स्वतःचाही राग आला. पावण्यांची भीड धरून तीच तर बसली होती.

"नेम त्यांचा त्यांना पाळू द्या की," सिस्टर म्हणाली. "दिवसभर घोट घोट पाणी पाजा आणि जेवण साडेचारला घाला, ताट मी लवकर मागवते. खोलीत एका वेळी एकच माणूस, जास्तीत जास्त दोन. पडदा उघडा, उजेड येऊ दे. 'वळखलं का' म्हणून कुणी विचारायचं न्हाई. जाताच आपलं नाव आपण सांगायचं, आज वार काय, ही जागा कुठली, ते सांगायचं. मुंग्या दिसत्यात म्हणाले तर वाद घालू नका, हात धरा. हात सोडायचं मी डॉक्टरांना विचारते. पण तुमच्यातलं एक माणूस सतत जवळ पाहिजे. एकदम गप्प पडले, नुसते झोपून राहिले, तर बरं वाटलं समजू नका, मला हाक मारा. ते पण ह्याचंच लक्षण असतं."

"आणि एवढं सांगायला पाच मिनिटं लागली," सुरेखा म्हणाली.

 सिस्टरनं फोन उचलला.

वळताना सुरेखाला दिसलं, की थोरली जाऊ प्रियदर्शनी मागं खांबाला टेकून उभी आहे. कधी आली, किती ऐकलं, काही कळलं नाही. चेहरा मात्र पांढरा पडला होता. गेली पंचवीस वर्षं ही बाई नवऱ्याच्या 'हो'ला हो म्हणत आली होती आणि सुरेखाच्या प्रत्येक भाकरीत तिला कच्चेपणा दिसला होता. हिच्याकडून काही अपेक्षा नव्हती, म्हणून सुरेखा तिच्या बाजूनं निघून गेली.

मेडिसिनचे डॉक्टर पावणेचारला आले. तात्यांना तपासलं, चार्ट बघितला, आणि घरचं माणूस कोण बसणार ते विचारून पट्ट्या सोडायला सांगितल्या. चार वाजायला पाच मिनिटं असताना सुरेखानं खोलीबाहेर स्टूल ओढलं आणि दारात आडवी बसली. जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. सगळ्यांत पुढं, पावण्यांना आणायला खाली गेलेल्या आक्काच होत्या. मागं बावड्याची, वडणग्याची, कुणाकुणाच्या सासरची मंडळी, आणि सोबत शहाळी.

"सरक की," आक्का म्हणाल्या.

"न्हाई सरकत. आज कुणी आत जायचं न्हाई. तात्या आधी जेवणार."

"माझ्या बापाला भेटायला मला तुझी परवानगी?"

"व्हय आक्का, आज माझी. वाटल्यास जन्मभर बोलू नका माझ्याशी. पण आधी ती कपाटाची किल्ली द्या."

 भांडण बघायला मिळणार म्हणून शहाळी खाली ठेवली गेली.

सुरेखा सांगायला लागली. सिस्टरसारखं सुबक तिला जमलं नाही. ती मध्येच चिडत होती, मध्येच अडखळत होती, पण तिनं एकही गोष्ट सोडली नाही. आक्का ऐकत होत्या. त्यांचा हात नकळत गळ्यातल्या साखळीकडं गेला होता. तरीही त्या म्हणाल्या, "ह्ये सगळं व्हय म्हणू एक वेळ. पण रातच्या पाण्याचं काय? ते तर तू केलंस!"

आण्णा पुढं आले. "हे बघा, गाडी पाचला येतीया. उगं नाटकं नकोत."

तेवढ्यात मागून आवाज आला, "पाणी ह्यांनी वतलं."

प्रियदर्शनी. पावण्यांच्या मधून ती वाट काढत पुढं आली.

"घरी येऊन मला सांगितलासा तुम्ही. म्हणालासा, म्हाताऱ्यानं उरलेल्या दोन दातांनी बोटाला चावा घेतला. बोट बघा आक्का त्यांचं, उजव्या हाताचं. आणि हिच्यावर सगळं ढकलून दुपारपासून भिंतीकडं बघत उभं राहिलासा? लाज न्हाई वाटली?"

 आण्णांनी उजवा हात खिशात घातला, आणि त्यातच सगळ्यांना काय ते समजलं.

"मी बऱ्यासाठीच..." ते पुटपुटले. "तोंड सुकलं होतं गं त्याचं. लाकडागत. मला बघवंना."

आणि हे खरं होतं, म्हणून सुरेखाला अजूनच संताप आला. सगळ्यांनी सगळं बऱ्यासाठीच केलं होतं. चष्मा बऱ्यासाठी कुलपात, हात बऱ्यासाठी बांधलेले, पाणी बऱ्यासाठी ओतलेलं, सोळा माणसं बऱ्यासाठी भेटायला आलेली. एका म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून बऱ्यासाठी वेडा करून टाकला होता.

"गाडीवाल्याला फोन करा आण्णा," ती म्हणाली. "येऊ नको म्हणावं."

आण्णांनी भूपालकडं पाहिलं. भूपालनं मोबाईल पुढं केला. "मी लावून देतो नंबर," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत नवऱ्यानं केलेलं हे पहिलं काम सुरेखानं मनात नोंदवून ठेवलं.

आक्कांनी साखळीतून किल्ली सोडवली. दोनदा ती निसटली.

"तुम्हीच चला आत," सुरेखा म्हणाली. "एकट्या. चष्मा तुम्ही घाला त्यांना. पण विचारायचं न्हाई. सांगायचं."

आत पडदा उघडला होता. पश्चिमेचं ऊन तात्यांच्या पायांवर पडलं होतं. आक्कांनी कवळी धुऊन बसवली, कानात मशीन घातलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. तात्यांनी डोळे मिचकावले. सुटलेल्या मनगटांवर लाल वळ होते, ते त्यांनी आधी बघितले.

"तात्या," आक्का म्हणाल्या.  आयुष्यभर बापाला जे कधी सांगावं लागलं नव्हतं, ते आता सांगायचं होतं. "तात्या, मी पद्मजा. तुमची लेक. आज गुरुवार हाय. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तुम्ही दवाखान्यात हायसा. अजून ऊन हाय बघा खिडकीत. दिवस मावळायला लई वेळ हाय."

तात्यांनी खिडकीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काटा बंद झाला?" त्यांनी विचारलं.

आक्कांनी दाराकडं, सुरेखाकडं पाहिलं. त्या नजरेत काय म्हणू, एवढाच प्रश्न होता. सुरेखानं मान हलवली. वाद नको.

"झाला तात्या. सगळ्या गाड्या गेल्या. आता जेवायचं."

सुरेखा डबा घेऊन आत गेली. "मी सुरेखा, तात्या. भात आणलाय मऊ." तिला वाटलं होतं, आता ओळखतील. नाही ओळखलं. तात्यांनी तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं भीत भीत बघितलं आणि लेकीच्या हाताकडं तोंड केलं. सहा वर्षांच्या भाकऱ्यांचं हे फळ!  तिनं डबा आक्कांच्या हातात दिला आणि ती बाजूला झाली. तात्या अकरा घास जेवले. तिनं मोजले. वर दीड भांडं पाणी प्यायले, आणि अजून सूर्य बुडाला नव्हता.

पावणे बोळातूनच परत गेले. काही नाराज होऊन गेले. एक म्हातारे मामा मात्र जाताना सुरेखाला म्हणाले, "पोरी, मग विचारायचं न्हाई तर बोलायचं काय?" तिनं सांगितलं, "तुमची म्हैस किती दूध देती ते सांगा की." ते हसले आणि उद्या येतो म्हणाले.

अंधार पडायच्या बेतात ती बोळात आली. प्रियदर्शनी बाकाच्या टोकाला बसली होती. सुरेखा शेजारी बसली. आभार मानावेत असं मनात होतं, पण या बाईचे आभार मानायची सवय नव्हती.

"ताई, आज तुम्ही बोलला म्हणून..."

"माझी आई," प्रियदर्शनी म्हणाली.

 जावेची आई तिच्या माहेरी वेड लागून वारली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे.

"न्युमोनिया झालता तिला. ताप उतरला आणि बडबडायला लागली. पाच-सहा दिवसांत सगळं बिघडलं. आम्हाला वाटलं येड लागलं, कोण म्हणालं बाहेरचं हाय. भावानं गुळाच्या खोलीत ठेवलं आणि कडी घातली, बाहेरनं. मी बाळंतपणाला गेलते माहेरी. दारापाशी बसायची दिवसभर. ती आतनं म्हणायची, दार उघड गं, मला पाणी दे." ती सरळ समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होती. "मी काय म्हणायची माहीत हाय? म्हणायची, आधी सांग मी कोण हाय. नाव सांगितलंस तर उघडते."

सुरेखाला तिच्याकडं बघवेना.

"एकदा बरोबर सांगितलं तिनं. एकदा सांगितलं. तेवढंच उघडलं मी. बाकी दहा दिवस चुकलं. अकराव्या दिवशी गेली." तिनं सिस्टरच्या टेबलाकडं पाहिलं. "पाच मिनिटं लागली गं त्या सिस्टरला. मी खांबाला टेकून मोजली. मला कुणी पाच मिनिटं दिली न्हाईत."

दुपारपासून सुरेखा ज्याच्यावर त्याच्यावर संतापत होती. आता संतापायला समोर कुणी नव्हतं, आणि राग मात्र तेवढाच होता, अंगात मावत नव्हता. तिनं जावेचा हात धरला. तो थंड होता.

सिस्टरच्या टेबलाशी एक माणूस उभा राहिला होता. गुडघ्यापर्यंत मळलेली विजार, चाळिशीचा, झोपेअभावी डोळे तांबडे. तो म्हणत होता, "सिस्टर, जाड पट्टी द्या की एखादी. आई ऐकंना झालीया. आणि खोलीला बाहेरनं कडी हाय का हो?"

प्रियदर्शनी उठली. पदर नीट केला, तोंड पुसलं आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पावणं, आईचं कधी झालं ऑपरेशन?"

"परवा. पण आता मारायला लागलीया ओ. चावती."

"भ्यालीया म्हणून चावती. चला, मी येते तुमच्या संगट, सांगते काय करायचं ते," ती म्हणाली. "चावली तर चावू दे. पण दार लावू नका."